जुन्या जीपचा नवा रेडिएटर

प्रश्न : महिंद्रा एमएम ५४० जीपची पुनर्बांधणी सुरू असून बाजारातून आणलेला जाड ॲल्युमिनियमचा रेडिएटर पंख्याला जवळजवळ टेकतो. ब्रॅकेट ठोकून तो बसवावा काय?
– एक वाचक, लिंबागणेश (जि. बीड)

उत्तर : ब्रॅकेट ठोकून रेडिएटर बसवणे टाळावे, कारण रबरी माउंटिंगवरील इंजिन चालताना हलते, रेडिएटर मात्र चासीला जखडलेला असतो, आणि मधले अंतर अपुरे असल्यास पंख्याची पाती कोअर, म्हणजे नळ्या व पत्र्यांची जाळी, फाडतात. हे अंतर साधारण २५ मिलिमीटर राहील अशा बेताने रेडिएटर पुढे सरकवावा आणि तो रबरी बुशांवर बसवावा, म्हणजे खडबडीत रस्त्यावरील हादऱ्यांनी रेडिएटरच्या टाकीचे सांधे फुटणार नाहीत. पंख्याभोवतीचे काउल, म्हणजे हवा जाळीतूनच ओढली जावी यासाठीचे पत्र्याचे वेष्टण, काढून टाकू नये. ते नव्या मापाने बनवून घ्यावे. होजपाइप मुडपत असल्यास योग्य वळणाचा घ्यावा. बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ॲल्युमिनियम गंजते, म्हणून डिस्टिल्ड पाणी व कूलंट समप्रमाणात भरावे. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो, त्यामुळे इंजिन थंड ठेवण्यात तडजोड नको. तेव्हा नवा रेडिएटर जागेत नीट बसत नसल्यास मूळ मापाचा तांब्या-पितळेचा रेडिएटर घेणेच श्रेयस्कर.