दुसऱ्या पुस्तकाला कोण येतं?

सोलापुरात वाचनालयाच्या टेबलामागे बसणाऱ्याला एक प्रश्न ठरलेला असतो : "आता कोण वाचतं हो?" विचारणारा बहुतेक वेळा स्वतः वाचत नसतो, त्यामुळे उत्तर ऐकायलाही थांबत नाही. या गावात हिराचंद नेमचंद वाचनालय १८५३ पासून आहे. गिरण्या आल्या, भोंगे वाजले, भोंगे बंद पडले, वाचनालय आहेच. मी काम करते ते वाचनालय त्याच्यापुढे अगदीच लहान. पूर्व भागात, यंत्रमागांच्या खडखडाटात, दोन खोल्या आणि भिंतीभर कपाटं. वाचक कसा येतो, कसा टिकतो आणि कसा गुपचूप नाहीसा होतो, हे इथे बसून जेवढं कळलं तेवढं लिहिते.

१. सभासद मोजू नका, दुसरं पुस्तक मोजा.

२७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन. दोन्ही दिवशी उत्साह दांडगा. ग्रंथदिंडी निघते, शाळेची मुलं येतात, पाहुण्यांचं भाषण लांबतं आणि सभासदत्वाचे अर्ज भराभर भरले जातात. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली वाचनालयांना अ, ब, क, ड असे दर्जे मिळतात आणि अनुदान त्या दर्जावर ठरतं. दर्जासाठी सभासदसंख्या लागते, म्हणून कार्यकारिणीच्या बैठकीत पहिला प्रश्न तोच. मी देवघेवीच्या रजिस्टरात दुसरंच बघते. नव्या सभासदाच्या नावापुढे पहिली नोंद असतेच, कारण कोणीतरी आग्रह केलेला असतो. दुसरी नोंद त्याच्या स्वतःच्या मनानं झालेली असते. पंधरा दिवसांत ती झाली तर तो वर्षभर येतो, असा माझा अनुभव आहे. नाही झाली तर अनामत परत न्यायलासुद्धा येत नाही.

२. कुलूप दिसलं की वाचक गेला.

सोलापूरचा उन्हाळा सांगायला नको. एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. अशा उन्हात सायकल मारत आलेल्या माणसाला दाराला कुलूप दिसलं, तर त्याला कारण सांगून उपयोग नसतो. "मयत होतं", "पंचायत समितीत काम होतं", सगळी कारणं खरी असतात. तो मात्र परत येत नाही. म्हणून आमची वेळ सकाळी आणि संध्याकाळी, दुपारी सरळ बंद, आणि पाटीवर लिहिलेल्या वेळेत पाच मिनिटांचाही फरक नाही. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यातला चौथा वाचकाचा वेळ वाचवायला सांगतो. ग्रंथपालाच्या परीक्षेत तो सगळे पाठ करतात.

वेळ ठरवताना गल्लीचं घड्याळ बघावं लागतं. आमच्याकडे घरोघरी बायका विड्या वळतात. तेंदूची पानं आणि तंबाखू घरी आणायची, वळलेल्या विड्या कारखान्यात मोजून द्यायच्या, ही त्यांची ये-जा. त्या वाटेवर आमचं दार लागतं. सकाळची वेळ अर्ध्या तासानं अलीकडे घेतल्यावर काही जणी जाता जाता डोकावू लागल्या. पुस्तकासाठी खास कोणी घरातून निघत नाही हो. कामाला निघालेल्या माणसाच्या वाटेत पुस्तक असावं लागतं.

३. पहिल्या पुस्तकावर मत देऊ नका.

यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण वाचक सगळ्यात जास्त इथेच हातचे जातात.

आमच्या भागात घरात तेलुगू, शाळेत मराठी, बाजारात हिंदी आणि अक्कलकोटच्या पाहुण्यांशी कन्नड, असं चालतं. अशा घरातला माणूस पहिल्यांदा येतो तेव्हा तो आधी पुस्तकाची जाडी बघतो. त्याच्या हातात 'मृत्युंजय' ठेवणं म्हणजे त्याला घरी पाठवणं. 'मृत्युंजय' थोर आहे, पण ते चौथं-पाचवं पुस्तक आहे.

मागावर काम करणारे एक अण्णा आले होते. पाळी संपवून थेट, केसांत कापसाची फुलं तशीच. म्हणाले, "भुताचं हाय का वो मॅडम? बारीक अक्षराचं नको." कार्यकारिणीतले एक काका शेजारी बसले होते, त्यांच्या कपाळाला आठी पडली. मी नारायण धारपांचं 'लुचाई' काढून दिलं. आठवड्याच्या आत अण्णा परत. "लई बेकार भ्या वाटलं. अजून द्या की." धारप एकेक करत संपले, मग रत्नाकर मतकरींच्या गूढकथा झाल्या. त्यानंतर मी व्यंकटेश माडगूळकरांचं 'बनगरवाडी' पुढे केलं. भूत नाही, खून नाही, हे आधीच सांगितलं. पुस्तक लहान आहे आणि सांगोल्याच्या पलीकडचा माणदेश त्यात आहे, एवढीच लालूच. ते परत करताना अण्णा काही बोलले नाहीत. "या माणसाचं दुसरं कुठं ठेवलंय?" एवढंच विचारलं.

बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या आणि मराठीतल्या कितीतरी घरांना वाचायची सवय लावली. सुहास शिरवळकरांनी पुढच्या पिढीसाठी तेच केलं. त्यांची पुस्तकं आमच्याकडे शिवण सुटेपर्यंत फिरली आहेत. शिवण न सुटलेली, कोऱ्या वासाची पुस्तकं कुठली, ते मी इथे लिहीत नाही. त्यातली बरीच पुरस्कारप्राप्त आहेत.

४. आपल्या मुलखाचं पुस्तक समोर ठेवा.

दारातून आल्या आल्या दिसेल असं एक कपाट फक्त सोलापूरचं आहे. 'अक्करमाशी' लिहिणारे शरणकुमार लिंबाळे अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, हे कळल्यावर त्या बाजूची माणसं पुस्तक उलटून गावाचं नाव शोधतात. मारुती चितमपल्ली १९३२ मध्ये सोलापुरात जन्मले, आयुष्यभर विदर्भातली जंगलं पालथी घातली आणि अखेरची वर्षं पुन्हा सोलापुरातच राहिले. २०२५ च्या जानेवारीत त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते गेले. त्या काळात 'चकवाचांदण'साठी नावं लिहून ठेवावी लागली. एरवी हे जाडजूड आत्मचरित्र न्यायला लोक बिचकतात.

१२ जानेवारीला चार हुतात्म्यांचा स्मृतिदिन. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १९३१ मध्ये येरवड्यात फाशी दिली. पुतळ्यांना हार घालायला मुलं येतात, तेव्हा मी त्यांना कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वर्तमानपत्र चालवत होते हे सांगते. मग एखादा मुलगा विचारतोच, "त्यात काय लिहायचे?" असा प्रश्न विचारणारा मुलगा पुढच्या आठवड्यात दिसतो. भाषण ऐकून येणारं मूल मी अजून पाहिलेलं नाही.

५. पुढच्या फेरीचं कारण याच फेरीत द्या.

टेबलावर एक मागणी वही आहे. हवं ते पुस्तक वाचकानं स्वतःच्या हातानं लिहायचं. खरेदीच्या वेळी त्या वहीतली काही घ्यायचीच, आणि पुस्तक आलं की लिहिणाऱ्याला पहिला फोन. दुकानदार उधारी वसूल करायला जेवढ्या आठवणीनं फोन करतो तेवढ्या आठवणीनं करायचा. स्वतः सुचवलेलं पुस्तक न्यायला माणूस पावसातही येतो.

नवी पुस्तकं कपाटात लावण्याचा वार ठरलेला, शनिवार. एकाच वेळी सगळी मांडत नाही, थोडी थोडी. यात माझं डोकं काही नाही, जुन्या मासिकांचीच ही रीत. हिराचंद नेमचंद दोशी यांनी 'जैन बोधक' १८८४ मध्ये सोलापुरातून सुरू केलं. किर्लोस्करवाडीला १९२० मध्ये निघालेलं 'किर्लोस्कर खबर' कारखान्याचं घरगुती पत्रक होतं, त्याचं शंकरराव किर्लोस्करांनी घराघरातलं मासिक केलं. ठरल्या वेळी अंक हातात पडणार हा भरवसा होता, म्हणून लोक पोस्टमनची वाट बघत. 'कधीतरी या, नवं आलं असेल' असं म्हटलं की कोणी येत नाही. 'शनिवारी संध्याकाळी या' म्हटलं की येतात.

६. दिवाळी अंकांची गर्दी फसवी असते.

१९०९ मध्ये का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी माणसाला फराळाबरोबर वाचायला लागतं. दिवाळी अंक योजनेची वेगळी वर्गणी भरून आमच्याकडे येणारे खूप. ते डिसेंबरपर्यंत धडाधड अंक बदलतात, मग संक्रांत येते. सिद्धेश्वराची यात्रा, नंदीध्वजांची मिरवणूक आणि गड्ड्याची जत्रा! त्या दिवसांत संध्याकाळी वाचनालयात मी आणि पंखा. (तेव्हा व्याख्यान ठेवणाऱ्या संस्थांचं धाडस मला नेहमी थक्क करतं.) गड्डा उठल्यावरही ही मंडळी परतत नाहीत, कारण त्यांच्या मते वाचनालय दिवाळीचं असतं.

यावर एकच उपाय चालला. अंक परत करताना विचारायचं, "यातली कुठली कथा आवडली?" नाव सांगितलं की त्या लेखकाचं पुस्तक तिथल्या तिथे समोर. अंक वाचणाऱ्याला सात-आठ पानांत लेखक कळलेला असतो, त्यामुळे पुस्तकाची भीती नसते. सगळे नेत नाहीत. जे नेतात ते उन्हाळ्यातही दिसतात.

७. अभ्यासिकेतली मुलं वाचक आहेत का?

रोज सगळ्यात आधी येणारी आणि सगळ्यात शेवटी जाणारी ही मुलं एकही पुस्तक नेत नाहीत. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं त्यांची स्वतःची, आमची फक्त खुर्ची आणि दिवा. हजेरीच्या आकड्यात ती धरायची की नाही यावर आमच्याकडे वाद होतात. माझं मत स्पष्ट आहे : धरू नयेत. पण सोडूही नयेत. विश्वास नांगरे पाटलांचं 'मन में है विश्वास' मी त्यांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर सहज ठेवल्यासारखं ठेवते. ते अभ्यासातच मोडतं अशी त्यांची समजूत होते आणि घरी जातं. त्यानंतर आत्मचरित्रांच्या कपाटाशी एखादी मुलगी उभी दिसते. परीक्षेचा निकाल काहीही लागो, ही सवय तिच्याकडे राहते.

८. दंडापायी वाचक घालवू नका.

उशीर झाला की दंड साठतो, साठला की लाज वाटते, लाज वाटली की माणूस त्या रस्त्यानंच जात नाही. पुस्तकही गेलं, वाचकही गेला, आणि दंड तर मिळालाच नाही. आम्ही वर्षातून एक आठवडा दंड माफ करतो. वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं पिशवीतून, कधी नातवाच्या हातून येतात. आलेल्याची चौकशी करायची नाही, नवं पुस्तक द्यायचं.

९. मोबाईलवर शनिवारचा एकच संदेश.

व्हॉट्सॲपचा गट आहे. त्यावर शुभ सकाळ नाही, वाढदिवस नाहीत, सुविचार तर नाहीतच. नव्या पुस्तकांचा एक फोटो, बस. गट गप्प असतो म्हणून लोक तो बघतात.

१०. लांबच्यांसाठी पुस्तकालाच पाठवा, पण माणूस बघून.

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानतर्फे विनायक रानडे यांनी 'ग्रंथ तुमच्या दारी' सुरू केलं. पुस्तकांची पेटी एका गटाकडे द्यायची, ती वाचून झाली की गटागटांत पेट्यांची अदलाबदल. ही पेटी दुबईच्या मराठी कुटुंबांपर्यंत गेली, तर जुळे सोलापूर काय लांब? आम्हीही त्या धर्तीवर पेट्या पाठवल्या. जिथे एखाद्या वहिनींनी किंवा निवृत्त गुरुजींनी मनावर घेतलं, तिथे पेटी रिकामी होऊन आली. जिथे 'सोसायटीच्या ऑफिसात ठेवा, लोक नेतील' असं ठरलं, तिथे पेटीवर मीटरची बिलं ठेवलेली सापडली. आता माणूस मिळाल्याशिवाय पेटी पाठवत नाही.

एवढं सगळं करूनही काही जण जातातच. कोणी पुण्याला मुलाकडे जातं, कोणाचे डोळे थकतात, कोणाला मोबाईल पुरतो. पण बरेच जण फक्त कोणी विचारलं नाही म्हणून गेलेले असतात. तुम्ही कुठलंही वाचनालय चालवत असाल, तर या आठवड्यात मागच्या वर्षीचं देवघेवीचं रजिस्टर काढा. ज्यांच्या नावापुढे एकच नोंद आहे त्यांची यादी करा आणि स्वतः फोन करा, शिपायाला सांगू नका. वर्गणीचा विषय काढायचा नाही. तुम्ही नेलं होतं त्याच लेखकाचं आणखी एक पुस्तक आमच्याकडे आहे, एवढंच सांगा आणि ते शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवा.