तीन तक्रारी, तीन दारं, आजार एक

पाळी दोन-दोन महिने चुकते, मानेवर काळपट जाडसर पट्टा उमटतो आणि वजन पोटाभोवती साठत जातं. या तिन्ही तक्रारी एकाच मुलीला असतील, तर तिच्या आईला माझं पहिलं सांगणं हे की त्या तीन वेगवेगळ्या ठिकाणी नेऊ नका. माझ्या बाबतीत तेच झालं. पाळीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ, मानेसाठी पार्लर, वजनासाठी वजन उतरवून देणारं सेंटर. तिन्हीकडे पैसे गेले, कॉलेजची सगळी वर्षं गेली, आणि या तिन्हींच्या मुळाशी असलेल्या इन्सुलिनबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

आधी मानेचं सांगते, कारण ते सगळ्यांत आधी दिसलं होतं. शाळेत असताना दर रविवारी आई मला न्हाणीत पाटावर बसवायची आणि लिंबाच्या फोडीवर साखर घेऊन मान घासायची. मान लाल व्हायची, चुरचुरायची, पण रंग काही हलायचा नाही. मावशीने साय आणि डाळीचं पीठ लावून पाहिलं. पुढे पार्लरमध्ये ब्लीच केलं, त्याने कातडी भाजली. ‘अंघोळ नीट करत नाही’ हे मी चारचौघांत ऐकून घेतलं आहे. तो मळ नव्हताच. रक्तात इन्सुलिन सतत वाढलेलं राहिलं की मान, काख, जांघ अशा घड्यांच्या जागी त्वचा जाड, मखमलीसारखी आणि काळी पडते. डॉक्टर त्याला अॅकॅन्थोसिस नायग्रिकन्स म्हणतात. माझ्या तिन्ही तक्रारींमागचा आजार म्हणजे पीसीओएस, पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. तो असलेल्या प्रत्येकीला ते होतं असं नाही आणि ज्यांना ते आहे त्या सगळ्यांना पीसीओएस असतो असंही नाही. पण अशी मान दिसली तर घासणी बाजूला ठेवावी आणि साखर तपासावी. इन्सुलिन उतरलं की पट्टा हळूहळू फिकट होतो.

पाळीसाठी गेलो तिथे सोनोग्राफी झाली. रिपोर्टमधला ‘पॉलिसिस्टिक’ हा शब्द वाचून घरात एकदम शांतता झाली. गाठी आहेत म्हणजे ऑपरेशन, असंच सगळ्यांना वाटलं. खरं तर त्या अर्धवट वाढून थांबलेल्या स्त्रीबीजांच्या बारीक पिशव्या असतात, त्या कापून काढायच्या नसतात. हे समजावायला डॉक्टरांकडे वेळ नव्हता. ‘वजन कमी कर, लग्न झालं की सगळं ठीक होईल,’ एवढं बोलून त्यांनी तीन महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या होत्या तोवर पाळी आली, गोळ्या संपल्या तशी पुन्हा गायब झाली. वजन-उंची घेतली नाही, रक्तदाब नाही, साखर नाही, थायरॉईड नाही.

‘वजन कमी कर’ हा सल्ला खोटा नाही. तो अर्धा आहे, आणि अर्धा सल्ला मुलीच्या माथी दोष मारतो. उरलेला अर्धा असा. पीसीओएसमध्ये शरीराच्या पेशी इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाहीत, म्हणून स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. स्नायू त्या इन्सुलिनचं ऐकत नसले, तरी अंडाशय मात्र ऐकतात आणि अँड्रोजन, म्हणजे ज्यांना आपण पुरुषी हार्मोन म्हणतो ती, जास्त बनवू लागतात. तिकडे यकृत टेस्टोस्टेरॉनला बांधून ठेवणारं प्रथिन कमी तयार करतं, त्यामुळे मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढतं. स्त्रीबीज पूर्ण वाढत नाही, सुटत नाही, पाळी चुकते. हनुवटीवर राठ केस, चेहऱ्यावर मुरुमं, भांग रुंद होत जाणं हे त्याचंच. चरबी पोटाभोवती बसते आणि पोटातली ही चरबी पेशींना इन्सुलिनकडे आणखी बहिरं करते. मग पुन्हा जास्त इन्सुलिन. हे रहाटगाडगं एकदा फिरायला लागलं की वजनामुळे आजार की आजारामुळे वजन, हा वाद फिजूल ठरतो. दोन्ही खरं आहे.

सडपातळ मुलींनाही हा आजार होतो, हेही लक्षात असू द्या. १९३५ साली शिकागोतल्या आयर्व्हिंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थाल या डॉक्टरांनी ज्या सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, त्यांतही काही लठ्ठ होत्या, काही नव्हत्या. माझ्या ऑफिसातली एक मैत्रीण काडीसारखी बारीक आहे. तिला तर वर्षानुवर्षं ‘तुला कसला पीसीओडी’ (पीसीओएसचंच बोलण्यातलं नाव) म्हणून परत पाठवलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातल्या दर १०० स्त्रियांमागे ८ ते १३ जणींना हा आजार असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचं निदानच झालेलं नसतं. वजनकाट्याकडे बघून निदान करायची सवय हे त्यामागचं एक कारण आहे, असं माझं ठाम मत आहे.

सेंटरचं थोडक्यात सांगते. सकाळी पावडरचा शेक, दुपारी काकडी-गाजर, रात्री सूप, मधे काही नाही. दर आठवड्याला कमरेला टेप लावून टाळ्या वाजवायचे. वजन झपाट्याने उतरलं, मीही हरखले. त्यानंतर केसांचे पुंजके हातात येऊ लागले, उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची आणि अधूनमधून येणारी पाळी पूर्ण थांबली. दिवसभर दाबलेली भूक रात्री उसळायची. सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून मी डब्यातली शेव मुठीमुठीने खायचे आणि मग रडायचे. वर्षाच्या आत गेलेलं वजन वर आणखी घेऊन परतलं. उपासमारीत चरबीबरोबर स्नायूही झडतात, आणि साखर वापरणारं शरीरातलं सगळ्यांत मोठं ठिकाण म्हणजे स्नायू, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. पीसीओएसमध्ये नैराश्य, चिंता आणि खाण्याच्या विकारांचं प्रमाण मुळातच जास्त असतं. म्हणून मुलगी चोरून खाताना दिसली तर तिला हटकू नका. तिला दिवसा पोटभर जेवू घाला आणि डॉक्टरांना हेही सांगा.

सगळ्यांत मोठी इजा मात्र गप्प राहून झाली. पाळी आली नाही की बऱ्याच मुलींना सुटल्यासारखं वाटतं. मलाही वाटायचं. स्त्रीबीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही आणि गर्भाशयाचं अस्तर नुसतंच वाढत राहतं. चरबीतूनही इस्ट्रोजेन तयार होत असल्यामुळे वजन जास्त असेल तर ही वाढ आणखी होते. माझी पाळी कित्येक महिने आली नाही आणि आली ती थांबेना. हिमोग्लोबिन इतकं उतरलं की रक्त चढवावं लागलं. अस्तराचा तुकडा तपासायला गेला आणि रिपोर्ट येईपर्यंत बाबा घरात कुणाशी बोलले नाहीत. कर्करोग नव्हता, पण अस्तर जाड झालेलं होतं. तसंच राहू दिलं असतं तर पुढे धोका होता. तेव्हा हे पक्कं ध्यानात ठेवा: गरोदर नसताना ९० दिवस पाळी आली नाही, तर डॉक्टरांकडे जायचं. लग्न ठरलेलं असो, परीक्षा असो, जायचंच.

त्या वेळी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी आधी माझी कॉलर बाजूला करून मान पाहिली. मग कमरेचा घेर मोजला. भारतीय स्त्रीचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हावं, बीएमआय २३ पासूनच वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा धरावा, हे मला त्यांच्याकडून कळलं. मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून साखर तपासली. उपाशीपोटीची साखर अगदी नॉर्मल होती. दोन तासांनंतरची मात्र मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. नुसती उपाशीपोटीची तपासणी करून ‘साखर नाही’ म्हणून घरी पाठवतात, तेव्हा ही दुसरी तपासणी मागून घ्या. तिच्यासोबत थायरॉईड, प्रोलॅक्टिन, टेस्टोस्टेरॉन, कोलेस्टेरॉल आणि रक्तदाबही बघून घ्या. रात्री घोरणं आणि दिवसा पेंगणं असेल तर तेही सांगा.

वयात नुकत्याच आलेल्या मुलींच्या आयांना उलट सांगावंसं वाटतं, घाई करू नका. पहिलं वर्ष पाळी अनियमित असणं स्वाभाविक आहे, पुढची दोन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं. तीन वर्षांनंतरही अंतर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहिलं किंवा वर्षात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या तर तपासा. किशोरवयात सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असं २०२३ चं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन सांगतं, कारण त्या वयात निरोगी अंडाशयही तसेच दिसू शकतात.

वजनाचं ध्येय छोटं ठेवा. आहे त्या वजनाच्या ५ ते १० टक्के उतरलं तरी अनेकींची पाळी सुधारते. ८० किलोच्या बाईसाठी हे ४ ते ८ किलो होतात, लग्नाआधीचा ब्लाऊज बसण्याशी त्याचा काही संबंध नाही. कुठलाही एक विशेष आहार याला लागू पडतो असं सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे परदेशी बिया आणि महागड्या पावडरींच्या मागे लागू नका. माझ्या ताटात ज्वारीची भाकरी, मटकीची नाहीतर मुगाची उसळ, पालेभाजी, ताक आणि आठवड्यातून काही वेळा अंडी असतात. भात आहे, पण डोंगर नाही. चहातली साखर आधी अर्धी केली, मग सोडली. उपवासाचं मात्र खास सांगते. चतुर्थी, गुरुवार, श्रावणी सोमवार करून वजन का उतरत नाही असं बायका विचारतात. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याची भाजी ही सगळी पिठूळ पदार्थांचीच रांग, साखर सरसर वर नेणारी. उपवास करायचाच असेल तर दही, दाणे, काकडी, एखादं फळ घ्या.

व्यायाम आठवड्याला किमान १५० मिनिटांचा, आणि त्यातले दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असे. बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, काहीही चालेल. काटा हलला नाही तरी स्नायू इन्सुलिनचं ऐकू लागतात, म्हणून काट्यावर रुसून व्यायाम सोडू नका.

औषधांचं भय बाळगू नका आणि ती स्वतःच्या मनाने घेऊही नका. मधुमेहातही देतात त्या मेटफॉर्मिनच्या गोळीने सुरुवातीला पोट बिघडतं, डोस हळूहळू वाढवला की निभतं. ती दीर्घकाळ घेणाऱ्यांनी, विशेषतः शाकाहारी असाल तर, बी-१२ तपासत राहा. पाळी नियमित करणाऱ्या गोळ्यांनी वंध्यत्व येत नाही, ती भीती काढून टाका. मूल हवं असेल तेव्हा लेट्रोझोलसारखं औषध असतं आणि बहुतेकींना मूल होतं. पण पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत, हेही खरं नाही. मूल नको असेल तर काळजी घ्यावीच लागते. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांबद्दल तज्ज्ञांनाच विचारा, आणि मुलाचा विचार असेल तर तो आधी सांगा, कारण ती गर्भधारणेपूर्वी बंद करावी लागतात.

हा आजार घराण्यात चालतो आणि त्यातला इन्सुलिनचा भाग पुरुषांनाही सोडत नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्या धाकट्या भावाला आणि बाबांनाही तपासून घ्यायला सांगितलं. बाबांना मधुमेह निघाला, तोपर्यंत त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. भावाची साखर माझ्यासारखीच काठावर होती, पोट सुटलेलं होतंच. वजनावरून मला टोचणं त्याने त्या दिवसापासून बंद केलं, आणि आता संध्याकाळी माझ्याबरोबर तोही चालायला येतो. मुलीला पीसीओएस निघाला तर आईवडिलांनी आणि भावंडांनीही साखर आणि रक्तदाब त्याच आठवड्यात तपासून घ्यावा.