कादंबरी आणि हकिगत यांमधील रेषा

(बी. ए. द्वितीय वर्ष)

ऐतिहासिक कादंबरी म्हटली की 'स्वामी' किंवा 'श्रीमान योगी' डोळ्यांपुढे येते. तिच्यातील माणसे इतिहासातील, परंतु संवाद लेखकाचे, हे वाचकाला ठाऊक असते. याउलट अमेरिकन लेखक ट्रुमन कपोट याने एका खऱ्या हत्याकांडावरील 'इन कोल्ड ब्लड' (१९६६) या आपल्या पुस्तकाला 'नॉनफिक्शन नॉव्हेल' म्हटले. म्हणजे घाट कादंबरीचा, मजकूर मात्र सगळा घडलेला. मग या दोहोंमधील रेषा कोठे आखावयाची?

आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण पाहू. १८५३ साली निजामाने धाराशिवचा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखाली दिला. त्यानंतर फिलिप मेडोज टेलर हा नळदुर्गास अधिकारी होता. त्याची 'तारा' (१८६३) ही इंग्रजी कादंबरी तुळजापुरात सुरू होते. नायिका तेथील शास्त्र्यांची मुलगी, ती कल्पित; शिवाजी महाराज व अफझलखान इतिहासातील. खानाचा वध १६५९ चा. टेलरने काळ धरला १६५७. कारण १६५७, १७५७ आणि १८५७ अशी शतकांची साखळी त्याला तीन कादंबऱ्यांतून जुळवावयाची होती. कादंबरीत हे चालून जाते.

त्याचेच आधीचे 'कन्फेशन्स ऑफ अ ठग' (१८३९) मात्र निराळे आहे. त्यात अमीर अली हा ठग आपल्या खुनांची हकिगत साहेबाला सांगतो. हे जवळजवळ सगळे खरे असून कल्पना केवळ प्रसंग जोडण्यापुरती आहे, असे टेलर प्रस्तावनेत सांगतो. परंतु सांधा कोठे आहे, ते तो दाखवीत नाही. शिवाय अशा जबान्या माफीच्या साक्षीदारांच्या, म्हणजे जीव वाचविण्यासाठी बोलणाऱ्यांच्या. तरी वाचक सारेच पुरावा म्हणून वाचतो. कपोटच्या पुस्तकातील शेवटचा स्मशानातील प्रसंगही रचलेला असल्याचे पुढे उघड झाले.

माझ्या मते ही रेषा कल्पनेच्या प्रमाणावर ठरत नाही. लेखकाने वाचकाला दिलेल्या शब्दावर ठरते. 'कादंबरी' म्हणणाऱ्याला तारीख हलविण्याची मुभा आहे. 'हे घडले' म्हणणाऱ्याला एक वाक्यही पदरचे घालता येत नाही.

माझ्यापुरता हा प्रश्न केवळ परीक्षेचा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाविषयी आजी सांगते ते मला लिहावयाचे आहे. तिला लिहिता येत नाही आणि घरातून कॉलेजात आलेली मीच पहिली. त्या पहाटेचे मधले काही ती सांगतच नाही. ते मी कल्पनेने भरले, तर वर 'कादंबरी' असे लिहीन. आजीची हकिगत म्हणून लिहिले, तर तेवढी जागा मोकळी सोडीन.