आपल्या लेखनाचे चित्र

रूपक अलंकार आपण व्याकरणाच्या तासाला शिकवितो. परंतु त्याच्या साहाय्याने विद्यार्थी स्वतःचे लेखनही न्याहाळू शकतो, हे सहसा आपल्या ध्यानी येत नाही. वस्तुतः ही रीत मराठीत जुनी आहे. मोरोपंतांनी (१७२९–१७९४) स्वतःस मयूर कल्पिले आणि आपल्या आर्त प्रार्थनेस ‘केकावली’ हे नाव दिले. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली काढलेले पत्र ‘दर्पण’. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली सुरू केलेले मासिक ‘निबंधमाला’. आरसा समोरचे दाखवितो, माळ सुटी फुले एका दोऱ्यात ओवते.

सातवीच्या वर्गात हा पाठ पुढीलप्रमाणे घेता येतो. प्रत्येकाने आपले दोन जुने निबंध काढावेत. वाक्ये किती शब्दांची आहेत, ती कशी सुरू होतात, एकमेकांस कशी जोडली आहेत, हे पाहावे. मग विचारावे : घरी किंवा शेतात हाताने केलेली कोणती वस्तू अशीच घडते? तिचे चित्र काढावयास सांगावे. पहिल्या दिवशी कमळ, चंद्र व नदी यांनीच कागद भरतील. ती पाठ्यपुस्तकातून आलेली असतात. न रागावता बाजूस ठेवावीत.

कोकणातील माझ्या वर्गात एक मुलगा फार तुटक लिहीत असे. पाच-सहा शब्द, की पूर्णविराम. त्याच्या वहीत मी वर्षभर तांबड्या शाईने ‘आणि’, ‘म्हणून’, ‘कारण’ भरीत आलो होतो. त्याने गडग्याचे चित्र काढले. मी कारण विचारले, तेव्हा म्हणाला, “गुरुजी, गडग्यात माती घालत नाहीत. दगडावर दगड नीट बसला म्हणजे झाले. पावसाचे पाणी फटींतून निघून जाते, म्हणून तो उभा राहतो.”

मी त्याची वही पुन्हा वाचली. बहुतेक ठिकाणी माझी माती अनावश्यक होती. ती मी त्याच्यादेखत खोडली. मात्र चित्र सापडले म्हणजे सर्व काही साधले, असे नव्हे. “यातला कोणता दगड हलतो?” असे मी विचारताच त्याने दोन वाक्ये आपण होऊन दाखविली व त्यांची जागा बदलली. पुढे अर्जलेखनात मात्र गडगा कामी आला नाही; तेथे मागणी आणि कारण यांना जोडणारे शब्द लागतातच, हे त्याला निराळे शिकवावे लागले.

त्याच वर्गातील एका मुलीने गोधडी काढली होती. तिचा निबंध तर एका पानाचे एकच वाक्य! मी काही बोललो नाही. दोन दिवस ती चित्र आणि वही शेजारी ठेवून बसली. तिसऱ्या दिवशी तिने दुसरा कागद मागितला.