वाजीकरणापूर्वीचे कर्तव्य : टेस्टोस्टेरॉनची तपासणी केव्हा व कशी करवून घ्यावी?

आपल्याकडे येणारा पुरुषरुग्ण खरी तक्रार बहुधा शेवटी सांगतो. आधी आम्लपित्त, मग पाठदुखी, आणि औषधाच्या पुड्या हातात पडल्यावर दाराशी थबकून हळू आवाजात, ‘डॉक्टर, जरा शक्तीचेही काही द्या.’ हे शब्द ऐकताच अश्वगंधा, कवचबीज, गोक्षुर यांकडे हात जाणे हा आपला वर्षानुवर्षांचा सराव आहे. या सरावापायी वीस वर्षांच्या व्यवसायात माझ्या हातून एक चूक घडली. तिच्या निमित्ताने या तपासणीचा अभ्यास वैद्यबंधूंपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

रुग्णवृत्त

रुग्ण ४४ वर्षांचा, माध्यमिक शाळेतील शिक्षक. थकवा आणि मैथुनेच्छेचा अभाव या तक्रारी. त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी ‘वयोमानाने असे होतेच’ म्हणून जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या होत्या. मीही शुक्रक्षय असे निदान करून पाच महिने वाजीकरण योग दिले. रोज करावी लागणारी दाढी आता तीन दिवसांनी केली तरी चालते, असे तो एकदा हसत म्हणाला. मी ते ऐकले, पण केसपेपरवर लिहिले नाही. पुढे मोटरसायकल चालवताना बाजूने येणारे वाहन उशिरा दिसते असे त्याने सांगितले, तेव्हा मी जागा झालो.

वेगवेगळ्या दोन दिवशी सकाळी घेतलेल्या नमुन्यांत टेस्टोस्टेरॉन १४२ व १२८ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. एल.एच. वाढलेले नव्हते, प्रोलॅक्टिन मात्र अनेक पटींनी वाढलेले होते. एम.आर.आय.मध्ये पीयूषिका ग्रंथीवर दृष्टिनाडीवर दाब देणारी मोठी गाठ आढळली. ग्रंथितज्ज्ञांनी दिलेल्या कॅबरगोलिनने गाठ आकसली व इतर लक्षणेही निवळली. डाव्या डोळ्याची कडेची दृष्टी मात्र पूर्ण परतली नाही. त्या पाच महिन्यांचा हिशेब माझ्याकडे आहे.

शास्त्रदृष्टी

चरकाचार्यांनी चिकित्सास्थानाच्या तिसाव्या अध्यायात क्लैब्याचे बीजोपघात, ध्वजभंग, जरा व शुक्रक्षय असे चार प्रकार सांगितले आहेत. हेतू वेगळा तर चिकित्सा वेगळी, हे त्यातील मर्म. शुक्रधातू म्हणजेच टेस्टोस्टेरॉन असे समीकरण मांडणे योग्य नव्हे; परंतु हेतूचा शोध घेताना ही तपासणी वर्ज्य मानण्यासही शास्त्राधार नाही.

कोणाची तपासणी करावी?

सरसकट प्रत्येक थकलेल्या पुरुषाची तपासणी करू नये. थकवा, उदासी, झोप न लागणे ही लक्षणे पांडुरोग, मधुमेह, अवटु ग्रंथीचे विकार, घोरण्यासह होणारा निद्राविकार यांतही दिसतात. युरोपातील ४० ते ७९ वर्षांच्या पुरुषांवरील, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात तीन लक्षणांचा टेस्टोस्टेरॉनच्या न्यूनतेशी विशेष संबंध दिसला : कामेच्छा कमी होणे, पहाटेचा ताठरपणा कमी होणे आणि संभोगसमयी ताठरपणा न येणे. ही तिन्ही लक्षणे स्पष्ट शब्दांत विचारावीत. शिवाय दाढीची वाढ मंदावणे, स्तनवृद्धी, लहान वृषण, पूर्वी गालगुंडात वृषणशोथ होणे, वंध्यत्व, किरकोळ आघाताने अस्थिभंग, दीर्घकाळ स्टेरॉइड किंवा अफूवर्गीय औषधे घेणे यांची नोंद करावी. डोकेदुखी व दृष्टिदोष सोबत असल्यास एक दिवसही दवडू नये.

नमुना कसा द्यावा?

टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण सकाळी सर्वाधिक असते व दुपारनंतर उतरते. जेवणानेही ते घटते. म्हणून नमुना सकाळी ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी द्यावा. पहिले मापन कमी आल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तसाच नमुना घ्यावा. एका मापनावर निदान करू नये. अमेरिकन युरोलॉजिकल असोसिएशनने २०१८ मध्ये ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही मर्यादा सुचविली आहे. तथापि प्रयोगशाळेनुसार संदर्भमूल्ये बदलतात. स्थूल व मधुमेही रुग्णांत वाहक प्रथिन कमी असल्याने एकूण टेस्टोस्टेरॉन कमी दिसू शकते. अशा सीमारेषेवरील रुग्णांत मुक्त टेस्टोस्टेरॉनही पाहावे लागते.

तीव्र आजारात ही तपासणी करू नये. ३८ वर्षांच्या एका रुग्णाचा नमुना डेंग्यूच्या तापानंतर आठवड्याच्या आत, तोही दुपारी, घेतला गेला. मापन २१० आले व त्याला इंजेक्शनांचा सल्ला मिळाला. सहा आठवड्यांनी सकाळी आठ वाजता ते ४२० भरले. या दांपत्याला अपत्य हवे होते. बाहेरून दिलेले टेस्टोस्टेरॉन शुक्राणूंची निर्मिती दडपते, म्हणजे त्या इंजेक्शनांनी नेमके उलटेच घडले असते. चुकीच्या तपासणीची हानी न केलेल्या तपासणीपेक्षा कमी नसते, हे या उदाहरणावरून ध्यानी यावे.

डॉक्टरांकडे पाठविताना

‘अशक्तपणा आहे’ असे सांगणाऱ्या रुग्णाला शक्तिवर्धक इंजेक्शन मिळते, तपासणी मिळत नाही. रुग्ण संकोचतो, डॉक्टर घाईत असतात, आणि मूळ प्रश्न तसाच राहतो. म्हणून रुग्णासोबत चार ओळींचे पत्र द्यावे. उदाहरणार्थ : ‘वय ४४. सहा महिन्यांपासून कामेच्छा व पहाटेचा ताठरपणा कमी, दाढीची वाढ मंद. मधुमेह नाही. अमुक आयुर्वेदीय औषधे पाच महिने चालू. सकाळी दोनदा टेस्टोस्टेरॉन कमी. एल.एच., एफ.एस.एच., प्रोलॅक्टिन व कारणाच्या निश्चितीसाठी आपले मत हवे.’ इतके नेमके लिहिलेले पत्र सहसा कोणी बाजूला ठेवत नाही. एल.एच. वाढलेले असल्यास दोष वृषणांत, वाढलेले नसल्यास पीयूषिका वा तिच्या वरच्या केंद्रात शोधावा लागतो. ‘वयोमान’ हे कारण हा शोध पूर्ण झाल्यावरच स्वीकारावे.

औषधविक्रेत्यांसाठी

टेस्टोस्टेरॉन हे अनुसूची ‘एच’मधील औषध आहे, वैध चिठ्ठीविना ते देऊ नये. केसांसाठी खपणाऱ्या बायोटिनच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर टेस्टोस्टेरॉन खोटे जास्त दिसते. तपासणीला निघालेल्या ग्राहकाला या गोळ्यांविषयी डॉक्टरांना व प्रयोगशाळेला सांगण्याची आठवण द्यावी. ‘तासाभरात गुण’ असे सांगून विकल्या जाणाऱ्या तथाकथित वनौषधी कॅप्सूलमध्ये सिल्डेनाफिलची भेसळ वारंवार आढळली आहे. हृदयरोगासाठी नायट्रेट घेणाऱ्याचा रक्तदाब त्याने प्राणघातक पातळीवर घसरू शकतो. तसेच औषधे व चमत्कारी उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींवरील १९५४ चा केंद्रीय कायदा लैंगिक सामर्थ्यवृद्धीच्या जाहिरातींना मनाई करतो, हे दुकानातील फलक लावताना स्मरावे.

समारोप

तपासणी सांगितल्याने आपल्या शास्त्राला उणेपणा येत नाही. निदान निश्चित झाल्यावर अग्निदीपन, मेदोहर उपाय, निद्रा, व्यायाम आणि योग्य त्या रुग्णात वाजीकरण यांना पुरेसा वाव आहे. स्थूल रुग्णाचे वजन उतरले की टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढल्याचे पुष्कळदा दिसते, आणि त्या कामी आपल्याइतका वेळ रुग्णाला क्वचितच कोणी देतो.

तो शिक्षक आजही माझ्याकडे येतो. तक्रार करीत नाही. दाराशी थबकणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी आता परत आत बोलावतो, खुर्ची देतो आणि केसपेपर नव्याने उघडतो.