मुख्याध्यापकपदाची वाट

प्रश्न : खासगी माध्यमिक शाळेत नऊ वर्षे शिकवीत आहे, मुख्याध्यापकपद लवकर कसे मिळेल?

उत्तर : महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) नियमावली, १९८१ अन्वये लागणारा पाच वर्षांचा पूर्णवेळ अध्यापनानुभव, त्यांतील किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची, आपणांपाशी बहुधा असेलच; परंतु तीच नियमावली समाधानकारक सेवा असलेल्या पात्र शिक्षकांतील ज्येष्ठतमास प्रथम हक्क देत असल्याने, ज्येष्ठतासूचीतील आपला क्रमांक दफ्तरात पडताळून हरकत असल्यास ती तत्काळ लेखी नोंदवावी. त्वरा करावी ती तयारीची : वेळापत्रक, सेवापुस्तके, वेतनदेयके, संचमान्यता ही कामे आपण होऊन अंगावर घ्यावीत, आणि नवख्या सहकाऱ्याच्या तासाला मागील बाकावर बसून, त्यास न दुखविता त्याचे अध्यापन सुधारण्याची विद्या, जी मला साऱ्या दफ्तराहून दुष्कर वाटते, ती आतापासूनच अभ्यासावी. पर्यवेक्षकपद चालून आल्यास नाकारू नये.