पृष्ठतरंग आणि घराचा पाया
तळ्यात खडा टाकला असता लहरी पाण्याच्या पृष्ठभागावरून पसरतात. घन पदार्थाच्या पृष्ठभागावरूनही तरंग जातात, हे लॉर्ड रॅले यांनी १८८५ साली गणिताने दाखविले. भूकंपात असे तरंग दूरवर टिकतात व घरे हादरवितात. मऊ गाळावर हा हादरा पुष्कळदा खडकावरच्यापेक्षा तीव्र असतो. दिल्लीत रिजचा कठीण खडक आहे, तसाच यमुनेचा गाळही आहे. म्हणून घराखाली काय आहे हे बांधण्यापूर्वीच कळले पाहिजे. याही कामी पृष्ठतरंगच उपयोगी पडतात. जमिनीवर घणाचा ठोका देऊन, ओळीने मांडलेल्या यंत्रांनी तरंगांचा वेग मोजतात. आखूड तरंग वरच्या थरांतून जातात, लांब तरंग खोलवर पोचतात. वेग अधिक, तर थर कठीण. दिल्लीच्या भूस्तरांची अशी परीक्षा, न खणता, झालेली आहे.